राखणदाराला बोललेला कोंबडा

बापू खोतांचा कोंबडा वेळीअवेळी असा बोंबले, की शेजारच्या चंद्राकाकीचं डोकं उठे. तक्रार केली की खोत मिशीला पीळ देत म्हणत, "नातू व्हावा म्हणून राखणदाराला बोललेला कोंबडा आहे तो! देवाच्या कोंबड्याला नावं ठेवलीस तर कोप होईल."

शेवटी काकीनं देवळात, भर गावापुढे विचारलं, "बापू, नातू झाला ना?"

"झाला तर! शाळेत जातो आता," खोत फुगले.

"मग हा मेला कोंबडा अजून जिवंत कसा? रोज गळा काढून तो देवाला तुमच्या थकलेल्या नवसाची आठवण करून देतोय. आता कोप व्हायचा तो कुणावर?"

सगळा गाव खोतांकडे बघू लागला. त्याच संध्याकाळी नवस फिटला, आणि दुसऱ्या दिवशी उन्हं अंगणात आली तरी काकी घोरत होती.