पारसनीस सरांनी ओतलेला चहा

एका विमानतळावर लढाऊ वैमानिकांची एक तुकडी होती. युद्ध असो वा नसो, सराव रोजचा. आपल्यातल्याच दोघांनी वर जायचं, एकमेकांचा पाठलाग करायचा, खोटी लढाई लढायची. हरेल त्याने खाली येऊन सगळ्यांना स्वतःच्या हाताने चहा ओतायचा, ही तिथली रीत. आणि एक कडक नियम. समोरचं विमान नजरेआड झालं की रेडिओवर ताबडतोब 'दिसत नाही' म्हणायचं. लढाई तिथेच थांबे आणि बोलणारा हरला असं धरत.

पारसनीस सर तुकडीचे उस्ताद. त्यांच्यावर चहा ओतायची पाळी कधी आलीच नव्हती. पोरं म्हणत, "सरांना किटली कुठून धरतात तेही ठाऊक नसेल!" आता असं नाव झालं की माणूस ते दुकानाच्या पाटीसारखं जपतो. रोज पुसतो.

एके सकाळी त्यांची गाठ ऊर्मी तांडेलशी पडली. तुकडीत नवी, पण हात तयार. गिरक्या घेत दोघं वर चढले. ऊर्मी सूर्याच्या बाजूला गेली आणि सरांचे डोळे दिपले. आकाश रिकामं!

मनात आलं, जरा गप्प राहू, सापडेल. तिला तर आपण दिसतच असू. कालच्या पोरीपुढे हरायचं?

मग त्यांनी रेडिओचं बटण दाबलं. "दिसत नाही. थांबव."

लढाई थांबली की बोलणाऱ्याने खाली वळायचं, दुसऱ्याने वर, असं ठरलेलं; तसे सर खाली वळले, ऊर्मी वर. पुढच्याच क्षणी तिचं विमान त्यांच्या डोक्यावरून गेलं, इतक्या जवळून की काच थरथरली.

खाली आल्यावर सरांनी मुकाट्याने किटली उचलली. पोरांनी टाळ्या पिटल्या. "सर, साखर कमी पडली हां!"

ऊर्मी तेवढी हसली नाही. "सर, मलाही तुम्ही दिसत नव्हता."

सरांनी वळून तिच्याकडे पाहिलं.

"मग बोलली का नाहीस?"

"वाटलं, तुम्हाला मी दिसतच असेन."

सरांनी लांब श्वास सोडला. "अगं, मलाही तुझ्याबद्दल हेच वाटत होतं."

ऊर्मी उठली. "द्या सर किटली. अर्धे कप माझे."

"घे. पण इकडून धर. तिकडून भाजते, आत्ताच कळलंय मला!"

खोलीत एकच हशा पिकला. चहा पाणचट झाला होता, तरी सगळ्यांनी पुन्हा मागून घेतला.

तात्पर्य: आपल्याला दिसत नसेल तर तसं वेळेवर सांगावं. समोरच्याला दिसत असेल या भरवशावर दोघंही गप्प राहिले, तर टक्कर ठरलेली.