बोकेरावांचं सोनेरी पान

फार पूर्वी रानात पान दाखवलं की बोरं उधार मिळत. चिंगी खारीची पत बेताचीच. दोनदा तिने फेड उशिरा केली होती. तरी रानबोक्याने तिच्यापुढे सोनेरी पान नाचवलं.

"दहा बोरांमागे दोन परत! पानाचं वर्षाचं भाडं फक्त बारा बोरं."

"बोकेराव, मी वर्षाला पन्नासच खाते. दहा मिळणार, बारा जाणार!"

"मग शंभर खा की!"

"आणि लठ्ठ होऊन ढोलीच्या दारात अडकले, की तुमची मेजवानी!"

बोक्याने ओशाळून मिशा चाटल्या.

चिंगीने साळूताई साळिंदरीचं साधं, बिनभाड्याचं पान घेतलं. पंचवीस बोरांमागे एक परत. फेडही वेळेवर केली. वर्षअखेरीस मिळालेली दोन बोरं तिने बोक्याच्या डोक्यावरच्या फांदीवर बसून मिटक्या मारत खाल्ली. बिया तेवढ्या त्याला दिल्या.