भोपळ्याचा पहिला घास

“बुवा, भोपळा आधी की गाजर आधी?”

तुळजारामबुवा मठाच्या ओट्यावर ऊन खात बसले होते. त्यांनी डोळे उघडले नाहीत.

लोक त्यांच्याकडे लांबून येत. कुणी मन कसं आवरावं ते विचारी, कुणी मेल्यावर काय होतं ते विचारी. त्यांचा शिष्य वैजनाथ, मठाचा स्वयंपाक सांभाळणारा, आज सकाळपासून एका हातात भोपळ्याची फोड आणि दुसऱ्यात गाजर घेऊन त्यांच्यामागे लागला होता.

“दुधी पाणचट होतो. रताळं गोड, पण जड पडेल. बुवा, ऐकताय ना?”

“ऐकतोय.”

“मग सांगा की.”

“जेवणार कोण आहे?”

“भाची! रेवा. सातवा महिना लागला तिला. उज्ज्वला घेऊन येतीये अकराच्या गाडीनं. उष्टावण मठातच करायचं म्हणते. पहिला घास मामानं भरवायचा असतो ना...”

एवढं बोलून तो दांडगा गडी उगाचच हसला.

“मग तिलाच विचार,” बुवा म्हणाले.

“तिला बोलता कुठं येतं?”

बुवांनी डोळे उघडले.

“नशीब तुझं... भोपळा घे.”

वैजनाथ उड्या मारतच आत गेला.

त्याच्या हाताची ख्याती होती. मठातल्या देवाचा नैवेद्य तोच करी. पहाटे आंघोळ करून, कुणाला न शिवता. नाकातोंडावर फडकं बांधून, कारण नैवेद्यावर श्वास पडू द्यायचा नाही. देवाच्या आधी चव घ्यायची नाही, वाससुद्धा घ्यायचा नाही. मीठ नुसत्या अंदाजानं टाकायचं. त्याचा अंदाज कधी चुकत नसे, आणि हे तो येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवी.

“लहान मूल म्हणजे देवच,” त्यानं आतून ओरडून सांगितलं. “आजचं सगळं नैवेद्यासारखं करणार!”

बुवांनी पुन्हा डोळे मिटले.

त्यानं फडकं बांधलं. लालभडक भोपळा सोलला, बिया काढल्या, फोडी वाफवल्या. मीठ नाही, गूळ नाही; दवाखान्यात तसं सांगितलंय, असं उज्ज्वलानं फोनवर बजावलं होतं. मग फोडी घोटल्या. मग गाळणीतून काढल्या. एवढ्यावर त्याचं समाधान होईना, म्हणून मलमलच्या फडक्यातून पुन्हा गाळल्या.

चांदीच्या वाटीत तो केशरी गोळा असा चमकत होता, की तो स्वतःच थोडा वेळ बघत उभा राहिला.

तेवढ्यात बाहेरून हाक आली.

“दादा! अरे, कुठं आहेस?”

उज्ज्वला एसटीत कंडक्टर होती. तिच्या हाकेला चालत्या गाडीत शेवटच्या बाकापर्यंत पोचायची सवय होती. तिच्या कडेवर रेवा होती. टकलावर मूठभर केस, काजळाची मोठी तीट, आणि हनुवटीवर लाळेची अखंड धार.

वैजनाथ धावत आला. नाकातोंडावर फडकं, वर नुसते डोळे.

रेवानं त्याच्याकडे पाहिलं आणि आईच्या खांद्यात तोंड लपवलं.

“दरोडेखोर दिसतोयस,” उज्ज्वला म्हणाली. “पोर घाबरली ना माझी.”

“नैवेद्याचा नेम आहे हा. तुला नाही कळायचं.”

“बरं बाबा. आण लवकर. तुझ्यासाठी थांबलीये मी. सासूबाई रोज म्हणतात, दे गं वरणाचं पाणी. मी म्हटलं, पहिला घास दादाचा.”

मग ती बुवांच्या पाया पडली, आणि खाली बसताना आवाज जरा उतरला.

“सोमवारी कामावर हजर व्हायचंय, बुवा. रजा संपली. सासूबाई सांभाळतील हिला, पण ही बाटली तोंडात धरत नाही. वाटीनं पाजलं तर ओघळून टाकते. वरचं खायला लागली तर मी जाऊ शकते. नाहीतर... राजीनामा लिहून द्यावा लागेल.”

“खाईल,” वैजनाथ म्हणाला. “माझ्या हातचं कुणी टाकलंय का आजवर?”

पाट मांडला. उज्ज्वलानं रेवाला मांडीवर घेऊन ताठ बसवलं. वैजनाथनं चांदीचा चमचा वाटीत बुडवला, मनातल्या मनात नमस्कार केला, आणि चमचा पुढं केला.

रेवानं ओठ घट्ट मिटले.

“आँ, रेवू, आँ...” उज्ज्वला मागून म्हणाली.

चमचा ओठांना लागला. रेवानं मान डावीकडं फिरवली. चमचा डावीकडं गेला. मान उजवीकडं फिरली. शेवटी कसंतरी टोक आत गेलं, आणि जिभेनं सगळा भोपळा सावकाश बाहेर ढकलला. तो हनुवटीवरून ओघळून नव्या झबल्यावर पडला.

“कण राहिला असेल,” वैजनाथ म्हणाला. “थांब.”

तो आत गेला. पुन्हा गाळून आणलं.

पुन्हा तेच.

“अजून बारीक करतो.”

“दादा, अरे किती बारीक? पाणी झालंय त्याचं. दवाखान्यातल्या ताई म्हणाल्या होत्या, चमच्यावर जरा टिकलं पाहिजे.”

“तुमच्या दवाखान्यातल्या ताईंनी कधी नैवेद्य केलाय?”

“आणि तू कधी पोर वाढवलंयस?”

वैजनाथनं चमचा वाटीत ठेवला.

रेवा आता रडायला लागली होती. उज्ज्वलानं तिला खांद्यावर घेतलं आणि थोपटत राहिली.

“आईनं कसं भरवलं असेल रे आपल्याला...” ती म्हणाली.

वैजनाथ वाटीकडं बघत राहिला. दसऱ्याला आई गेली, तेव्हापासून त्या दोघांच्या बोलण्यात ती आली, की बोलणं तिथंच थांबत असे.

“विचारायचं राहिलं,” उज्ज्वला म्हणाली. “सगळं विचारलं. लोणच्याला मीठ किती, तेही विचारलं. हे नाही सुचलं.”

ओट्यावर बुवांनी पाय आखडून घेतले.

“वैजनाथ.”

“जी.”

“नैवेद्य करायला लागून किती वर्षं झाली तुला?”

“पुष्कळ झाली, बुवा. देवानं एकदाही परत पाठवला नाही.”

“तो थुंकत नाही ना,” बुवा म्हणाले. “त्यानंच बिघडलास तू.”

उज्ज्वलाला डोळे पुसता पुसता हसू फुटलं. वैजनाथचे कान लाल झाले.

“बुवा, चूक कुठं झाली ते तरी सांगा. भोपळा चांगला आहे. वाटी चांदीची आहे. नेम सगळे पाळले...”

बुवा भिंतीला हात टेकून उठले. वैजनाथच्या मागं गेले. त्यांच्या म्हाताऱ्या बोटांना फडक्याची गाठ सापडेना.

“बुवा! अजून तिचा घास व्हायचाय.”

“मान खाली कर.”

“बुवा, नेम...”

“मान.”

गाठ सुटली. फडकं गळ्यात पडलं.

रेवाचं रडणं मध्येच थांबलं.

ती बघत राहिली. आधी मिशी. मग ओठ. मग पुन्हा मिशी. जणू या माणसाला डोळ्यांखाली आणखी काही आहे, हे तिला आत्ताच कळलं होतं.

बुवांनी दुसऱ्या चमच्यानं वाटीतला भोपळा वैजनाथच्या तळहातावर घातला.

“खा.”

“मी?”

“तूच.”

“तिच्या आधी? बुवा, हे उष्टं होईल!”

“खा म्हणतो ना.”

वैजनाथनं उज्ज्वलाकडं पाहिलं. तिनं खांदे उडवले. मग त्यानं डोळे मिटले, आणि एखादा गुन्हा करावा तसा तळहात तोंडाला लावला.

त्याचे डोळे उघडले.

“गोड आहे की गं!” तो म्हणाला. “उजे, काही न घालता... नुसता भोपळा... बघ तरी!”

“आण इकडं.” उज्ज्वलानं बोट बुडवून चाटलं. “अगं बाई. खरंच.”

“आणि मला?” बुवांनी हात पुढं केला.

बुवांच्या तोंडात एकही दात नव्हता. त्यांनी भोपळा गालात घोळवला, हिरड्यांनी दाबला, आणि अशा मिटक्या मारल्या, की ओट्याखालचं मांजर उठून बसलं.

रेवा एकेकाच्या तोंडाकडं बघत होती. बुवांच्या, आईच्या, मामाच्या.

मग तिचा जबडा हलायला लागला. तोंडात काहीच नव्हतं, आणि तरी ती चावत होती.

“दादा,” उज्ज्वला हळूच म्हणाली. “दादा, बघ. बघ ना...”

वैजनाथनं तिचा चांदीचा चमचा उचलला. चमचा पुढं जाता जाता त्याचं स्वतःचं तोंड उघडलं. त्याला पत्ता नव्हता. भुवया वर, मिशी वर, तोंड वासलेलं.

“आँ...”

समोर, तसंच्या तसं, बिनदातांचं लहानसं तोंड उघडलं.

चमचा आत गेला.

ओठ मिटले.

कुणी हललं नाही. रेवाचा चेहरा आक्रसला, नाक वर झालं, एक डोळा मिटला. जीभ बाहेर आली. अर्धा भोपळा तिच्याबरोबर आला... आणि उरलेला अर्धा, सगळ्यांच्या देखत, घशाखाली गेला.

“गेला!” उज्ज्वला ओरडली.

“गेला गेला!” वैजनाथनं वाटीसकट उडी मारली. “बुवा, गिळला तिनं! पाहिलंत? बुवा!”

“मी आंधळा नाही. वाटी सांभाळ.”

दुसरा घास. तिसऱ्याला रेवानं चमचाच धरला आणि सोडेना. वैजनाथ ओढी, ती ओढी. शेवटी भोपळा तिच्या कानात गेला, मामाच्या मिशीला लागला, उज्ज्वलाच्या पदरावर पडला. त्यातला काही पोटातही गेला.

“बास, पहिल्या दिवशी एवढंच,” उज्ज्वला म्हणाली. पण तीच पुन्हा म्हणाली, “बरं, अजून एक.”

त्या एकासाठी तिघंही तोंड उघडून बसली.

नंतर रेवा वाटीकडं हात करून ओरडायला लागली. हे रडणं नव्हतं. ही मागणी होती. उज्ज्वलानं तिला छातीशी घट्ट धरलं आणि तिच्या केशरी डोक्यावर गाल टेकला.

“सोमवारी गाडीवर जाते मी,” ती म्हणाली. “सासूबाईंना सांगते, भरवताना असं तोंड उघडायचं. दादासारखं. बेडकासारखं.”

“बेडूक तुझा नवरा.”

“तो तर आहेच.”

वैजनाथ हसत हसत वाटी घासायला निघाला. दोन पावलं गेला, आणि थबकला.

गळ्यातलं फडकं त्यानं हातात घेतलं. उलटंसुलटं करून पाहिलं. मग परत ओट्याशी आला.

“बुवा.”

“हं.”

“संध्याकाळी देवाला वाढायचंय. हे... बांधू की नको?”

“बांध.”

“पण मग...” त्यानं रेवाकडं पाहिलं, आतल्या गाभाऱ्याकडं पाहिलं. “तिच्यापुढं सोडायला लावलंत. मग त्याच्यापुढं का बांधायचं?”

बुवांनी हनुवटीवरचा भोपळा बोटानं पुसला. ते बोट चाटलं. आणि पुन्हा उन्हाकडं तोंड करून डोळे मिटले.

“देवाला एकट्यानं जेवता येतं.”