सात नमद्यांचे खोगीर

एका राज्यात एक्केचाळीस घोडे होते. त्यांतले चाळीस दगडाचे होते, आणि एक जिवंत.

त्या राज्याच्या चारही अंगांनी धुके होते. दर आश्विनात राजाने राज्य स्थापणाऱ्या थोरल्या राजाच्या खोगिरावर बसावे, राज्याभोवती फेरी घालावी आणि सूर्य मावळायच्या आत ती पुरी करावी, म्हणजे धुके वर्षभर वेशीबाहेर थांबे. फेरी मोडली तर धुके एक गाव गिळी. गिळलेल्या गावातून दिवसभर जात्यांची घरघर ऐकू येई, दळणाऱ्या बायका मात्र कुणाला दिसत नसत.

पहिली फेरी थोरल्या राजाने पुरी केली होती. त्यानंतरच्या चाळीस वर्षांत एकही झाली नाही. दरसाल घोडा खिंडीपर्यंत जाई, थबके, कान मागे पाडी आणि खुरांपासून वर दगड होत जाई. राजा पायी परते. मग राजमांत्रिक कालभद्र सांगे, "घोडा खोटा निघाला." पुढल्या साली नवा घोडा निवडला जाई. अधूनमधून कुणाला वाटे, पाठीला टोचत असेल. मग खोगिराखाली लोकरीचा आणखी एक नमदा घातला जाई. नमदे सात झाले. खोगीर उलटून मात्र कुणी पाहिले नाही, कारण त्याला सुई लावणे हा राजद्रोह होता.

आता फक्त राजधानी उरली होती, आणि करडी नावाची एक घोडी.

करडीला भिवराने वाढवले होते. भिवरा धोंडजी जीनगराची मुलगी. खोगिरे शिवणे हा त्यांच्या घरचा धंदा. करडीची आई ताम्रा खिंडीत दगड झाली, तेव्हा शिंगरू आठ दिवसांचे होते. भिवराने त्याला कापसाच्या बोळ्याने दूध पाजले होते. धोंडजीने तरुणपणी एकदाच थोरल्या खोगिराखाली दोन बोटे सरकवून पाहिली होती आणि घाबरून हिसडून काढली होती. ती बोटे दगडाची झाली. जेवताना ती ताटावर टक् टक् वाजत. त्याबद्दल तो कधी बोलला नाही. भिवराला त्या बोटांपेक्षा त्या न बोलण्याचा राग जास्त होता.

फेरीला तीन दिवस असताना राजाचे शिपाई करडीला न्यायला आले. भिवरा लगाम हातात धरून त्यांच्याबरोबर थेट दरबारात गेली.

"घोडी देते, महाराज," ती म्हणाली. "आधी खोगीर तपासू द्या."

कालभद्र हसला. "पोरी, खोगीर तपासायचे नसते. घोडा तपासायचा असतो."

"चाळीस तपासलेत. काय सापडले?"

राजा जयकेतू थोरल्या राजाचा नातू. गादीवर येऊन त्याला चार वर्षे झाली होती, आणि पहिल्याच साली ताम्रा त्याच्याच मांडीखाली दगड झाली होती.

"तीनदा हात लावायची मुभा आहे," तो म्हणाला. "खिंडीत, त्या दगडांवर. दोष सापडला नाही तर?"

"तर मी तिथेच उभी राहीन."

"रांगेत जागा आहे," कालभद्र म्हणाला.

भरदुपारी ते खिंडीत पोहोचले. सूर्य धुक्याआड पिठाच्या गोळ्यासारखा दिसत होता. चाळीस घोडे एका ओळीत उभे होते, सगळ्यांचे कान मागे. एकावर बगळा बसला होता.

"चाळीस पाठींवर बसून पाहिले," बगळा म्हणाला. "सगळ्यांना एकाच जागी खळगा आहे."

"कुठे?" भिवराने विचारले.

"मी बसतो. तपासायचे काम तुझे."

ताम्राच्या पाठीवर खोगीर चढवले गेले. भिवराने आधी खालचे सातही नमदे ओढून काढले.

"महाराज, जोडा तंग झाला तर तुम्ही आत चिंध्या कोंबता का?"

"नाही."

"इथे सात कोंबल्यात."

मग तिने पहिल्यांदा हात लावला. पुढच्या कमानीखाली, मानेमागच्या उंचवट्यावर, तीन बोटे सहज जायला हवीत. तिचे एकच बोट कसेबसे शिरले, आणि आत कुणीतरी ते धरले. झोपेतला माणूस हात धरतो तसे, गच्च आणि थंड. नखापासून दगडाचा गारठा वर चढू लागला. हिसडा द्यायची विलक्षण इच्छा तिला झाली. तिला ताटावरची टक् टक् आठवली. ती हलली नाही. श्वास मोजत उभी राहिली, तशी पकड सैल झाली. नख राखाडी झाले होते, बोट शाबूत होते.

"कमान तंग आहे," ती म्हणाली. "आणि आत कुणीतरी आहे."

दुसऱ्यांदा तिने चुलीतली चाळलेली राख ताम्राच्या पाठीवर पसरली, खोगीर अलगद ठेवले, दाबले आणि सरळ वर उचलले. सगळे वाकून पाहू लागले. पुढची राख पुसली गेली होती, मागची पुसली गेली होती. मधली जशीच्या तशी होती.

"मधे खोगीर टेकतच नाही. राजाचा सगळा भार पुढच्या दोन आणि मागच्या दोन, या चार जागांवर. इथली कातडी आधी सोलवटते, मग मरते."

पण राजा तिकडे पाहत नव्हता. पुढच्या बाजूला, पाठीच्या डावीउजवीकडे, राखेत दोन तळहात उमटले होते. डाव्या हाताची करंगळी वाकडी होती.

"हा हात माझ्या पणज्याने पाहिला होता," बगळा म्हणाला. "सिदू मोतद्दाराचा. थोरल्या राजाची घोडी तो सांभाळी. पहिल्या फेरीत खोगिराखाली तळवे घालून तो पहाटेपासून धावत होता, घोडीची पाठ वाचावी म्हणून. तीनदा म्हणाला, महाराज, उतरा. राजा म्हणाला, फेरी पुरी होऊ दे. फेरी पुरी झाली. परत येताना या खिंडीत घोडी पडली, तिच्याबरोबर सिदू पडला. हात काही निघेनात. मग ते मनगटापासून तोडले आणि आतच शिवले."

"कुणी?" राजाने विचारले.

बगळ्याने चोच पंखात खुपसली. कालभद्राने धुक्याकडे तोंड फिरवले.

"राज्य नवे होते," तो म्हणाला. "पहिल्याच दिवशी अपशकुन नको होता, महाराज. मी तेव्हा तरुण होतो."

"म्हणून हे हात चाळीस वर्षे सूड घेत आहेत," राजा म्हणाला.

"सूड?" भिवरा म्हणाली. तिचा आवाज चढला. "दगडाची पाठ सोलवटत नाही, महाराज. ते हात अजून घोड्यांची पाठ वाचवायचेच काम करत आहेत. त्यांना दुसरा उपाय कुणी ठेवलाच नाही."

ताम्राच्या दगडी मानेवर धुक्याचे थेंब जमले होते. राजाने ते बोटाने पुसले. "तिसरी तपासणी?"

"रिकाम्या खोगिरावरून सगळे कळत नाही. वर भार हवा, खाली हात हवा."

राजाने रिकिबीत पाय ठेवला.

"तुम्ही वर नाही. वर मी बसते. हात तुमचा."

"राजाचा हात," कालभद्र सावकाश म्हणाला, "खोगिराखाली जात नसतो."

"तेच तर," भिवरा म्हणाली.

जयकेतूने अंगठ्या काढून कालभद्राच्या हातात दिल्या. त्याने तळवा कमानीखाली सरकवला आणि भिवरा खोगिरावर बसली. चाळीस वर्षांचा भार त्या एका तळहातावर आला. हाडांच्या आतून कुणीतरी म्हणत होते, महाराज, उतरा. मग पुन्हा. मग तिसऱ्यांदा.

"भिवरा," राजा म्हणाला, "उतर."

ती उतरली. कमानीखालची जुनी शिवण कुणी न उसवता उसवली, आणि दोन हात भुईवर पडले, जुन्या चामड्यासारखे सुकलेले. राजाने आपला शेला अंथरून ते उचलले. खिंडीतच चिता रचली गेली. धूर सरळ वर गेला आणि धुक्यात मिसळला नाही.

उरलेले दोन दिवस भिवराने काम केले. कमान मोकळी केली. सातही नमदे पिंजून त्यांची लोकर मधल्या भागात भरली. कण्यावर भार येऊ नये म्हणून मधून एक पन्हळ सोडली. धोंडजी शेजारी बसून दोरा मेणवत होता. खोगीर पुरे होत आल्यावर तो म्हणाला, "मी बोललो असतो तर ताम्रा वाचली असती." भिवराने पुढचा दोरा त्याच्याकडे सरकवला.

फेरीच्या दिवशी करडी खिंडीत पोहोचली, तेव्हा सूर्य डोंगराला टेकायला आला होता. रांगेपाशी ती थबकली. तिचे कान मागे गेले. भिवरा आणि कालभद्र तिथेच वाट पाहत उभे होते.

"उतरू नका, महाराज," कालभद्र ओरडला. "वेळ नाही."

राजा उतरला. त्याने हात खोगिराखाली घातला आणि घाई न करता पुढून मागे नेला. पाठ गरम होती, घाम सगळीकडे सारखा आला होता, कमानीखाली तीन बोटे सहज जात होती. करडीने मान वळवून त्याचा खांदा हुंगला. तिचे कान पुढे आले. राजा पुन्हा बसला आणि सूर्याची कडा बुडायच्या आत वेशीच्या खांबापाशी पोहोचला.

मागे खिंडीत चाळीस घोडे फुरफुरले.

धुके ओसरले. गिळलेल्या गावांत बायका जात्यावरून उठल्या, पिठाचे हात झटकत म्हणाल्या की आज दळण फार वेळ चालले. त्या दिवसापासून धोंडजीचे ताट वाजले नाही. कालभद्राला तबेल्यात खोगिरे तपासायची राख चाळायचे काम मिळाले, आणि तो ती बारीक चाळू लागला.

त्या राज्याचा राजा आजही स्वार होण्याआधी अंगठ्या काढतो आणि खोगिराखाली हात घालून पाहतो. तिथल्या घोड्यांच्या पाठीवर, डावीउजवीकडे, तळहाताएवढे पांढऱ्या केसांचे डाग असतात. दाबून मेलेल्या जागेवर पहिला रंग परत येत नाही. दरबारातले कुणी एकदा म्हणाले, ते डाग काजळाने झाकावेत. भिवराने झाकू दिले नाहीत.

बगळ्याने स्वतः पाहिले ते मात्र खिंडीतल्या फुरफुरण्यापर्यंतच. पुढे तो ताम्राच्या पाठीवरून उडाला, कारण ती चालू लागली होती.