तळ्यावर टांगलेला रांजण

लहानांनो, आणि थोरांनो तुम्हीही, ही गोष्ट डोंगरांना अजून नावं पडली नव्हती तेव्हाची आहे. एका मोठ्या तळ्याच्या काठी दोन गावं होती, एक उगवतीला, एक मावळतीला. दोन्ही गावं त्याच तळ्याचं पाणी पीत. मासळीही तिथलीच खात, आणि मासळीवरूनच त्यांचं वैर जडलं.

उगवतीच्या गावात एक हुशार वैद्य होता. पाटलाने त्याला बोलावून सांगितलं, "असं विष कर, की एका रांजणात सगळं तळं मरेल. आपल्याला ते ओतायचं नाही. त्यांना नुसता धाक हवा."

"पण पाणी तर आपणही पितो," वैद्य म्हणाला.

"म्हणूनच तर ओतायचं नाही."

वैद्याने विष केलं. पाण्यावर मचाण उभारून रांजण दोराने टांगला आणि हल्ला आला तर दोर तोडायला कुऱ्हाड देऊन राखणदार बसवला. वर्षभरात मावळतीच्या वैद्यानेही तसाच रांजण टांगला. मग वीस वर्षं कोणी कोणावर चालून गेलं नाही. लोक म्हणत, "ही रांजणाची कृपा." गावजेवणात पहिलं पान वैद्याला वाढलं जाई, आणि तो ताठ मानेने जेवत असे.

एके सकाळी मावळतीकडून दोन होड्या भरधाव येताना दिसल्या. होड्यांतले लोक ओरडत होते. हल्ला आला असं समजून राखणदाराने दोरावर घाव घातला. एक पीळ तुटला. दुसऱ्या घावासाठी त्याने हात उचलला, तेव्हा कुठे शब्द ऐकू आले.

"वैद्यबुवांना बोलवा! पोरीच्या घशात काटा अडकलाय!"

राखणदाराने कुऱ्हाड खाली ठेवली आणि गावाकडे हाक दिली.

मावळतीचा वैद्य गेल्याच साली वारला होता, म्हणून ती माणसं इकडे आली होती. वैद्याने चिमट्याने काटा काढला. चार वर्षांची पोर रडली, मग आईच्या कुशीत झोपली. आईने वैद्याच्या रक्ताळलेल्या हातांवर पाणी घातलं. पाणी घालताना तिने विचारलं, "बुवा, आमच्यासाठीचं ते विष याच हातांनी केलंत ना?"

"हो."

"तेव्हा ही जन्मलीही नव्हती. हिचं काय चुकलं होतं?"

तिच्या आवाजात राग नव्हता.

त्याच दिवशी तो चावडीवर गेला. "रांजण उतरवा," तो म्हणाला. "वीस वर्षं मी त्याचा मान घेतला. आज मला तोंड लपवावंसं वाटतंय."

म्हातारा पाटील म्हणाला, "आपण उतरवला आणि त्यांनी फसवलं तर?"

"तर आपण फसलेले असू. आज आपण खुनी आहोत, फक्त खून व्हायचा राहिलाय. सकाळी तो एका घावावर होता."

मग राखणदार उठला आणि त्याने तुटका पीळ सर्वांना दाखवला. पाटलाने मावळतीला बोलणीचा निरोप धाडला.

तिकडे त्या आईने आपल्या गावात हीच गोष्ट सांगितली. तरी बोलणी सहा महिने चालली, कारण आधी कोणी उतरवायचा ते ठरेना. शेवटी एकाच दिवशी, एकमेकांच्या पंचांसमोर, दोन्ही रांजण उतरले. विष चुन्याच्या भट्टीत जाळलं. मचाणं मोडली. मासळीवरून भांडणं पुढेही होत राहिली, पण ती चावडीवर मिटू लागली.

विष करायची कृती मात्र वैद्याच्या डोक्यातून जाळता आली नाही. ती त्याने कोणालाही सांगितली नाही. ती मुलगी मोठी झाली, आणि दरवर्षी त्याला भेटायला येई. तो तिच्या नजरेला नजर देत नसे. तिला वाटे, म्हातारा लाजाळू आहे.

जे वापरायची लाज वाटावी, ते बाळगायचीही लाज वाटली पाहिजे.