लिंबाजी घरबसल्या कमावतो

टेंभुरवाडीत एक भोळा जावई राहायचा. जावई तो सासरवाडीत, टेंभुरवाडीत त्याला नुसतं भोळाच म्हणत. नाव लिंबाजी. मनानं निर्मळ, कष्टाला वाघ. खोड एकच, सांगितलेलं काम तो अगदी सांगितल्याबरहुकूम करायचा. आता ही खोड कशी, असं कुणी विचारेल. थांबा जरा.

आखाडात त्याची बायको सुगंधा रिवाजाप्रमाणे माहेरी गेली. श्रावण आला, श्रावण गेला, गणपती बसले, गणपती उठले, तरी ती परत येईना. लिंबाजीच्या घशाखाली घास उतरेना. सुगंधा होती फटकळ, दिवसातून दहादा त्याच्यावर ओरडायची. पण ओरडायला ती नाही म्हटल्यावर घर त्याला खायला उठलं. तो फार उदास झाला आणि उठून सासरवाडीला गेला. सासऱ्यांचं नाव बाळकोबा. लिंबाजी त्यांना मामा म्हणायचा. त्यांनी चहा पाजला आणि स्पष्टच सांगितलं.

"जावईबापू, तुम्ही माणूस लाख चांगले. पण आमची पोर काय वारा खाऊन राहणार? दसऱ्यापर्यंत काहीतरी कमाई करून दाखवा. मी स्वतः तिला आणून सोडतो."

तालुक्याच्या गावी तावरे मॅडमचा क्लास होता. बाहेर पाटी होती, 'मोबाइल शिका, घरबसल्या कमवा'. लिंबाजीनं पाटी वाचली, घरी आला आणि बसला. दोन दिवस बसला. तिसऱ्या दिवशी क्लासला जाऊन तक्रार केली की दोन दिवस बसून कंबर धरली, अजून काही आलं नाही. मॅडमनी कपाळाला हात लावला आणि त्याचं नाव वहीत घातलं.

क्लासात एक तांबट बाई होत्या, त्यांना भांडी विकायची होती. मॅडमनी त्यांना शिकवलं, की फोटो काढण्याआधी माल चांगला घासून, धुऊन, पुसून लख्ख करायचा. माल चमकला की गिऱ्हाईक थांबतं. लिंबाजीनं हे पाठ केलं. घरी आई अनुसयाबाईंनी उन्हाळाभर राबून उडदाचे पापड केले होते, डबा भरून. लिंबाजीनं सगळे पापड बादलीत टाकले, घासले, धुतले. पुसायला गेला तर पुसायला काही उरलंच नव्हतं. मग त्यानं बादलीचाच फोटो काढून मॅडमना पाठवला.

मॅडमनी त्याला समोर बसवून समजावलं. धुण्याचं सांगितलं ते भांड्यांना. पापडाचं तसं नसतं. आपण आधी खाऊन दाखवायचं, चांगलं मिटक्या मारत, डोळे मिटून, आणि मोबाइलवर त्याचा व्हिडिओ करायचा. बघणाऱ्याच्या तोंडाला पाणी सुटलं पाहिजे.

लिंबाजीला पटलं. पण पापड तर गेले होते. आता घरात विकण्यासारख्या उरल्या होत्या गोवऱ्या. शहरात होमाला, पूजेला गोवऱ्या मागतात असं त्यानं क्लासातच ऐकलं होतं. त्यानं निवडून एक गोल, खरपूस गोवरी घेतली, मोबाइल खांबाला बांधला, डोळे मिटले आणि कचकन चावा घेतला. मिटक्याही मारल्या. दुसरा घास घेताना त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं, पण सुगंधाची आठवण काढून त्यानं तोही गिळला. वर म्हणाला, "आमच्या म्हशीची आहे. घरचीच." आणि व्हिडिओ सगळ्या जगाला पाठवून दिला.

मॅडमना दोन दिवस जेवण गेलं नाही. तिसऱ्या दिवशी त्या म्हणाल्या, की अहो, गोवरी ही जाळायची वस्तू. काडी लावायची, कशी झटकन पेट घेते, धूर किती कमी होतो, ते दाखवायचं. तोंडात काय घालता? लिंबाजी फार शरमला. एवढी साधी गोष्ट आपल्याला कशी कळली नाही, असं त्याला वाटलं. पुढचा माल आपण पेटवूनच दाखवायचा, हे त्यानं मनाशी पक्कं केलं.

पुढचा माल होता गोधडी. अनुसयाबाईंनी जुन्या लुगड्यांची, चार महिने डोळे फोडून शिवलेली. आई म्हणाली, ही तरी नीट विक बाबा. लिंबाजी म्हणाला, काळजीच करू नको. त्यानं गोधडी अंगणात पसरली, मोबाइल खांबाला बांधला आणि चारी कोपऱ्यांना काडी लावली. "बघा," तो व्हिडिओत म्हणाला, "कशी झटकन पेट घेते." यात मात्र तो एक अक्षर खोटं बोलला नाही.

अनुसयाबाई तेव्हा पाण्याला गेल्या होत्या. आल्या तर अंगणात राख, आणि राखेशेजारी लिंबाजी खुशीत उभा. त्या खाली बसल्या आणि राखेत एखादा धड तुकडा उरलाय का ते चाचपू लागल्या.

मॅडमनी या वेळी आवाज चढवला. गोधडी पेटवायची नसते, पांघरायची असते. अंगावर घ्यायची, आडवं व्हायचं आणि गाढ झोपून दाखवायचं. लिंबाजी हो म्हणाला. दसऱ्याला आता थोडेच दिवस राहिले होते.

एवढ्यात एक नवल घडलं. गोवरी खाणाऱ्या माणसाचा व्हिडिओ या फोनवरून त्या फोनवर फिरत फिरत पुण्याला पोचला. तिथं पूजासाहित्याचं दुकान चालवणारे एक गृहस्थ होते. जो माणूस स्वतःची गोवरी खातो त्याच्या मालात भेसळ असणार नाही, असा त्यांनी हिशेब केला. व्हिडिओ कॉल लावून भाव ठरवतो, असा त्यांचा निरोप आला. कॉल आला तेव्हा लिंबाजी तयार होता. आईची चादर त्यानं गळ्यापर्यंत ओढली, आडवा झाला आणि झोपला. नुसता झोपला नाही, घोरला. गृहस्थांनी भाव सांगितला. इकडून घोरणं. त्यांनी भाव वाढवला. घोरणं चालूच. आणखी वाढवला. शेवटी त्यांनी हात टेकले, असा पक्का व्यापारी आपण जन्मात पाहिला नाही असं म्हणाले, आणि वर्षभराच्या गोवऱ्यांची ऑर्डर देऊन पैसेही लगेच पाठवले.

गावात बोभाटा झाला. बाळकोबा मामांच्या कानावर गेलं. जावई ऑनलाइन कमावतो म्हणताना त्यांची छाती फुगली. दसऱ्याला पोरीला घेऊन येतो, असा त्यांचा निरोप आला. लिंबाजी त्या दिवशी आनंदानं रडला आणि दोन भाकऱ्या जास्त खाल्ल्या.

तेवढ्यात गोवऱ्या भरायला मागवलेले पुठ्ठ्याचे खोके आले. आणून देणारा माणूस म्हणाला, जरा चेपलेत, फाटलेत, सांभाळून घ्या. लिंबाजीनं सांभाळून घेतले. गोवऱ्या भरल्या आणि खोके खालून फुटले. दसऱ्याच्या आदल्या दिवशी तो खोके घेऊन मॅडमकडे गेला. मॅडम आता रागवायच्याही पलीकडे गेल्या होत्या. त्यांनी एकेक शब्द सावकाश सांगितला.

"लिंबाजीराव, नीट ऐका. देणारा माणूस स्वतःच म्हणतोय ना, मालात उणं आहे? मग घ्यायचा नाही. एकदा उंबऱ्याच्या आत घेतला की कुणी परत नेत नाही. दारातच हात जोडायचे आणि सांगायचं, हा न्या, चांगला आणून द्या. सात दिवसांत देतात."

लिंबाजीनं ते येताना वाटभर घोकलं.

दसऱ्याला सकाळीच जीप आली. सुगंधा नवं लुगडं नेसून उतरली. लिंबाजीकडे बघून हसली. तो पार हरखून गेला. अनुसयाबाईंनी बापलेकींना उंबऱ्याबाहेरच थांबवलं आणि त्या भाकरतुकडा आणायला आत गेल्या. सुनेवरून तो ओवाळून टाकल्याशिवाय तिला आत कशी घेणार?

बाळकोबा मामा रीतभात सोडणारे नव्हते. मुलगी सासरी पोचवताना बाप जे म्हणतो, तेच ते डोक्यावरची टोपी काढून म्हणाले.

"जावईबापू, पोर आमची अडाणी आहे. तिच्यात काही उणं असंल तर सांभाळून घ्या."

लिंबाजीच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. "उणं आहे म्हणता, मामा?"

"आता आमचीच पोर ती," मामा आणखी नम्र झाले, "असायचंच थोडंफार."

सुगंधा उंबऱ्याकडे सरकली, तेवढ्यात लिंबाजी दारात आडवा आला. त्यानं हात जोडले. मामांना सगळं समजावून सांगितलं. ते हसले, मग गोंधळले, मग लालबुंद झाले. सुगंधा तर अवाक् झाली, आणि ती गप्प बसण्याची ही तिच्या आयुष्यातली पहिलीच वेळ. बापानं तिचा हात धरला. जीप धूळ उडवत आली तशी परत गेली.

अनुसयाबाई भाकरतुकडा घेऊन बाहेर आल्या. दारात कुणीच नाही. लिंबाजी एकटा उभा, डोळ्यांतून घळाघळा पाणी.

"सूनबाई कुठंय रे?"

"परत पाठवली," लिंबाजी हुंदके देत म्हणाला. "तू रडू नको, आई. सात दिवसांत येईल. मी मामांना बजावून सांगितलंय, दुसरी कुठलीही चालायची नाही, मला सुगंधाच पाहिजे. फक्त उणं नसलेली."