कोंढारीची बिनदाराची वेस

पाहुणे, ही वेस नीट बघा. दगडी कमान शाबूत आहे, बिजागऱ्यांची भोकं दिसतात, पण दारं नाहीत. कोंढारीनं ती पुन्हा कधी बसवलीच नाहीत.

फार पूर्वी इथं राजाच्या फौजेचं ठाणं होतं. राजा वारला आणि त्याच्या दोन मुलांत गादीवरून युद्ध पेटलं. थोरला गादीवर बसला, धाकट्यानं रानात बंड उभारलं. इथला ठाणेदार हैबती गादीच्या बाजूनं होता. त्याचा सख्खा धाकटा भाऊ भानजी मात्र बंडवाल्यांना जाऊन मिळाला.

त्या हिवाळ्यात बंडवाल्यांनी फौजेच्या ठाण्यांवर एकामागून एक हल्ले चढवले. दर वेळी खबर यायची ती एकच: तटावर पहिला चढला तो भानजी. म्हणे, ठाणी गेल्याच्या दुःखापेक्षा त्या नावानंच हैबतीचा जास्त जळफळाट व्हायचा. एकदा त्याच्या बायकोनं जासुदाला नुसतं विचारलं, "भाऊजी सुखरूप आहेत ना?" त्या दिवसापासून तो तिच्याशी बोलेनासा झाला.

शेवटी कोंढारीला वेढा पडला. धान्य संपलं. आता दार उघडावं, असं हैबतीच्याही मनानं घेतलं होतं. तेवढ्यात भानजी एकटाच, हत्यार न घेता वेशीखाली आला.

"दादा, दार उघड. तुला घरी न्यायला आलोय."

तटावरचे शिपाई त्याला बघायला वाकले. "हाच तो भानजी!" कुणीतरी पुटपुटलं. हैबतीनं त्यांचे डोळे पाहिले. त्याच्याकडे असं कधी कुणी पाहिलं नव्हतं. त्यानं शेजारच्या शिपायाचा भाला हिसकावला आणि खाली फेकला.

प्रेत न्यायला बंडवाल्यांचा म्हातारा निशाणदार आला. वर बघून म्हणाला, "ठाणेदार, लोक हार घालायला आले की हा म्हणायचा, मला नको, माझ्या दादाला घाला. भाला धरायला त्यानंच शिकवलं."

हैबती खाली उतरला. त्यानं स्वतःच्या हातानं वेस उघडली, दारं उतरवली आणि त्याच सागवानाची चिता रचली. बंडवाले आत आले. त्यांनी त्याला मारलं नाही. पुढं तो गावातच राहिला. कुणी नाव विचारलं तर 'भानजी' म्हणायचा, असं सांगतात.

आजही दसऱ्याला सोनं लुटून परतणाऱ्याला गुरव वेशीत विचारतो, "कोण आलं?" त्यानं आपल्या भावाचं नाव सांगायचं, मगच आत यायचं. बांधावरून अबोला धरलेले काही जण अंधार पडेपर्यंत बाहेरच घुटमळतात. गुरवही दिवा घेऊन थांबून राहतो.